आईच्या गॅलरीची घरपट्टी

आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी, आणि मग घर. म्हणजे घर दाखवायचं. माणगावकडची ही रीत बाबांनी भाईंदरला आल्यावरही सोडली नव्हती. गावी दाखवायला निदान ओटी, माजघर, गोठा, मागचं परसू असायचं. इथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक किचन आणि एक गॅलरी. पण बाबा ती अशा थाटात दाखवायचे की पाहुण्याला वाटावं, अजून वरचा मजला बाकी आहे. ही खोली, इथे वारा येतो. हे किचन, कडप्पा मी स्वतः बसवलाय. मग जरा थांबून, "आता इकडे या." हे 'इकडे या' गॅलरीसाठी राखून ठेवलेलं असायचं. मला त्या वयात अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मैत्रीण अभ्यासाला आली तरी तिलाही आधी मोरी ते गॅलरी अशी फेरी चुकत नसे. आता मी त्याच घरात एकटी राहते, कोणी आलं तर खुर्ची पुढे करते आणि गप्प बसते. दाखवायचं काय, हा प्रश्नच आहे.

ती गॅलरी बाबांनी बांधली होती. बिल्डरने दिली तेव्हा नुसता उघडा पट्टा होता, समोर मिठागरं, आणि खाडीवरून खारट वास घेऊन येणारा वारा. आताच्या इंद्रलोक वस्तीच्या बाजूला तेव्हा इमारती कसल्या, खाजण होतं, संध्याकाळी डासांचे थवेच्या थवे यायचे. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. गुरुवारी सुट्टी. ते गुरुवारी विटा आणायचे, गुरुवारी रचायचे. कमरेपर्यंत भिंत घातली, वर सरकत्या काचा बसवल्या, एका टोकाला ओटा, शेगडी आणि छोटं सिंक. हे सगळं आईसाठी होतं, कारण आईची खानावळ किचनमध्ये मावेनाशी झाली होती.

खानावळ कशी सुरू झाली तेही सांगते. बाबांच्या खात्यात एका मुलाला कावीळ झाली. मूळचा रत्नागिरीकडचा, इथे कोणी नाही, सात जणांत एका खोलीत राहायचा. बाबा त्याला घरी घेऊन आले आणि म्हणाले, याला महिनाभर तेल नसलेलं काही घाल. आईने घातलं. महिना संपला, कावीळ गेली, मुलगा जाईना. त्याच्या मागून दुसरा आला, मग मराठवाड्यातले दोघं आले, आणि बघता बघता गॅलरीत दोन पंगती बसायला लागल्या. वालाचं बिरडं, ताकाची कढी, तांदळाची भाकरी, आणि उत्तनची कोळीण मावशी टोपली घेऊन आली की सुक्या बोंबलाचं कालवण. मराठवाड्यातली मुलं पहिले काही दिवस तांदळाच्या भाकरीकडे बघतच बसायची. मग आईने त्यांच्यासाठी ज्वारीचं पीठ आणायला सुरुवात केली आणि ज्वारीची भाकरी थापायला शिकली. पहाटे मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. आधी हात, मग तवा, मग हात. गजराची गरजच नव्हती मेली.

आईचं त्या वर्षांत बोलणं बदललं होतं. आधी ती 'आमच्याकडे' म्हणायची, आता 'माझ्याकडे' म्हणायला लागली. माझी पोरं, माझा टोप, माझा गॅसवाला. माझ्या शाळेची फी ती स्वतः जाऊन भरून यायची, बाबांना पाठवायची नाही. टोप बाबांनीच कारखान्यातून आणला होता, कडेला जरासा ठेचलेला म्हणून स्वस्तात मिळालेला, मी आत बसले असते एवढा मोठा. बाबांनी तो असा घासून दिला होता की त्यात तोंड दिसायचं. आईची आता एकच इच्छा राहिली होती. दारावर पाटी हवी होती. बाबा म्हणाले, स्टीलचा पत्रा कापतो, त्यावर अक्षरं कोरून घेतो, नाव सांग. आई म्हणाली, विचार करते. तिचा तो विचार बरेच दिवस चालला होता.

आणि तेवढ्यात घरपट्टीची नवी मोजणी आली. तोपर्यंत आमच्या बिल्डिंगला बिल्डरने कागदावर जेवढं दाखवलं होतं तेवढ्यावर पट्टी लागायची, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आता माणूस घरोघर येऊन टेप लावणार, किती जागा, कसलं बांधकाम, वापर राहण्याचा की धंद्याचा, सगळं लिहिणार, आणि त्यावरून नवा आकडा काढणार, असं कळलं. बिल्डिंगभर धावपळ. गॅलऱ्या सगळ्यांनीच बंद केल्या होत्या ना! शेजारच्या हंसाबेन आईला सांगायला आल्या की काचा काढून पलंगाखाली टाका, दोरीवर साड्या वाळत घाला, गॅलरी खुल्ली दिसली की झालं. त्यांनी स्वतः तसंच केलं होतं, वर एक तुळशीची कुंडीही आणून ठेवली होती. आई तयार होती. तिने शेगडी खाली उतरवली, टोपावर चादर टाकली. बाबा मात्र काचांना हात लावू देईनात. आपण काय चोरी केलीय, म्हणाले. सरकार घर बघायला येतंय, तर बघू दे की. त्यांचा असा समज होता की पालिकेच्या कागदावर जेवढं चढेल तेवढं आपलं पक्कं. गावी सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाची काय गत होते ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणून जे जे बांधलंय ते सगळं लिहून घेतलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता.

मोजणीवाला आला तो नेमका गुरुवारी. तांडेल नावाचा, इथलाच, बोलायला गोड. बाबांनी त्याला आधी पाणी दिलं, आणि मग काय, घर दाखवायला घेतलं! तो टेप काढतो तर तिचं दुसरं टोक बाबांनीच धरलं. मी दारात उभी राहून बघत होते. तांडेलने गॅलरी मोजली तेव्हा टेप कोपऱ्याच्या अलीकडे राहिली होती. बहुतेक त्याने मुद्दामच तशी धरली असावी, माणूस चांगला होता. बाबा म्हणाले, "साहेब, इथून नाही, पार कोपऱ्यापासून धरा. फूटभर राहिलं तुमचं." आईने कपाळावर हात मारून घेतला. मग तांडेलचं लक्ष चादरीकडे गेलं. बाबांनी चादर ओढली, जशी नव्या गाडीवरची ओढतात तशी, आणि त्याला टोप, शेगडी, ओटा, सिंक, सगळं दाखवलं. आमची मंडळी दोन पंगती उठवते इथे, म्हणाले, कारखान्याची निम्मी पोरं हिच्या हातचं जेवतात.

त्या दिवशी बिरडं होतं. पाहुण्याला उपाशी सोडायचं नाही, म्हणून आईने निमूटपणे ताट वाढलं. तांडेल जेवला, बोटं चाटूनपुसून जेवला. हात धुतल्यावर मात्र तो लगेच निघेना. "वैनी, असा बिरडा लई दिसांनी खाल्ला," तो म्हणाला. "पन दादा, मना जा दिसला ता लिवाला लागतंय. मनात ठेवू नका. माझी नोकरी हाय ती." बाबा हसून म्हणाले, लिहा की, त्यासाठीच तर दाखवलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आईला कळलं होतं. तिने ताट उचललं आणि टोपावर पुन्हा चादर टाकली.

कागद आला तेव्हा घरात सगळ्यांनी तो आळीपाळीने वाचला. गॅलरी घरात धरली होती, आणि वर तिच्या पुढे वेगळं लिहिलं होतं, बिगरनिवासी, खानावळ. राहण्याच्या जागेचा दर वेगळा, धंद्याच्या जागेचा त्याच्या कितीतरी पट. एवढ्याशा गॅलरीची पट्टी उरलेल्या अख्ख्या घरापेक्षा जास्त. आणि संकट एकटं कशाला येतंय. आमची गॅलरी बंद बघितल्यावर तांडेलला बाकीच्यांच्या साड्यांमागेही बघावं लागलं होतं. काचांचे रूळ जागेवरच होते. सगळ्यांच्या गॅलऱ्या पट्टीला लागल्या. हंसाबेन आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाभी, तुम्हारे भाईसाब ने तो पूरी बिल्डिंग को डुबाया." त्या दिवसापासून त्यांचं विरजण मागायला येणं बंद झालं.

हरकत घेता येते, मुदतीत अर्ज द्यायचा, मग सुनावणी होते, असं कागदाच्या मागे छापलेलं होतं. अर्ज मी लिहिला, मी तेव्हा दहावीत होते आणि माझं अक्षर बरं होतं. घरी तयारी झाली ती अशी: गॅलरी बंद आहे हे कबूल करायचं, ते काही लपत नाही. पण खानावळ नाही म्हणायचं. गावाकडची पोरं येतात, जेवून जातात, बस. हे आईनेच बाबांना पढवलं. बाबा खोटं बोलताना कान खाजवायचे, म्हणून ती त्यांना म्हणाली, तिथे हात खिशात ठेवा. सुनावणीला आम्ही तिघंही गेलो. आई तिची मोरपंखी साडी नेसली होती, लग्नकार्यालाच बाहेर निघणारी.

सुनावणी घेणारे साहेब काही राक्षस नव्हते. मी इतकी वर्षं त्यांना मनात शिव्या घालायचा प्रयत्न करतेय, जमत नाही. त्यांनी बाबांना बसायला सांगितलं आणि आकडा कसा निघाला ते एखाद्या मास्तरांसारखं समजावलं. म्हणाले, समजा हे घर तुम्ही भाड्याने दिलं. या भागात एका फुटाला महिन्याचं जे भाडं धरलंय, त्याला तुमच्या जागेने गुणायचं. मग बारा महिन्यांनी गुणायचं. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के सोडायचे. उरलं ते तुमच्या घराचं करयोग्य मूल्य, आणि त्यावर कर. धंद्याच्या जागेला भाडं जास्त येतं, म्हणून तिथे दर जास्त. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण साहेब, मी भाड्याने दिलंच कुठे?" साहेब म्हणाले, दिलं असं समजायचं. बाबा म्हणाले, पण मी राहतो ना तिथे. साहेब पुन्हा म्हणाले, हो, तरी समजायचं. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. गुरुवार गुरुवार करून बांधलेल्या भिंतीत कोणीतरी न दिसणारा भाडेकरू राहायला आलाय, असं काहीतरी त्यांना वाटलं असणार.

मग मुद्द्याचं आलं. बाबांनी हात खिशात घातले आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. जरा जास्तच म्हटलं. "धंदा कसला साहेब! आमची ही घरीच असते. बाईमाणसाला रिकामा वेळ असतो, दोन भाकऱ्या जास्त टाकते, एवढंच." साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं, किंवा पटवून घ्यायचं असावं, कारण त्यांनी पेन उघडून ती 'खानावळ'ची ओळ शोधली. काट मारण्याआधी त्यांनी रीत म्हणून आईला विचारलं, "म्हणजे ताई, पैसे वगैरे काही घेत नाही ना?"

आईने नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तिनेच तर ठरवलं होतं सगळं. पण ती साहेबांकडे बघतच नव्हती, बाबांकडे बघत होती.

"घेते," ती म्हणाली. "खानावळ आहे माझी. पहाटे उठते मी तिच्यासाठी. रिकामा वेळ नाही माझ्याकडे."

साहेबांनी पेन तसंच धरून ठेवलं. "ताई, नीट विचार करून सांगा. एकदा मी लिहिलं की लिहिलं."

"लिहा," आई म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो. मला आईचा इतका राग आला होता की मी चार पावलं पुढे चालत होते. आपल्याच पायावर धोंडा, तोही मोरपंखी साडी नेसून! आज मला तो राग आठवतो, पण येत नाही. त्या बाईच्या कामाचं जन्मात पहिल्यांदा कोणीतरी कागद समोर ठेवून नाव विचारलं होतं, आणि बाजूला बसलेला तिचाच माणूस म्हणत होता की ते काम नव्हेच. तिने दुसरं काय म्हणायला हवं होतं? रिक्षात बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे मी माझ्या घरात भाडेकरू, आणि तू दुकानदार." त्यांना विनोद करायचा होता.

पट्टी वाढली ती एक वेळ ओढूनताणून भरली असती. पण गॅलऱ्यांचा राग बिल्डिंगच्या मनात होताच, आणि आता आईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. सेक्रेटरी म्हणाले, अब तो रेकॉर्ड पे आ गया है, रहने की बिल्डिंग में होटल नहीं चलेगा. कोणाला काही म्हणायचं असेल तर हात वर करा. ज्यांच्या पोरांच्या सटवाईपासून बारशापर्यंत सगळ्याला आईने भांडी दिली, त्यांनीही हात वर केला नाही. हंसाबेन खाली फरशीकडे बघत होत्या. आई उठून म्हणाली, महिना पुरा होऊ द्या, पोरांनी पैसे दिलेत आधीच. तेवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

शेवटच्या दिवशी तिने दोन्ही पंगतींना एकच सांगितलं, उद्यापासून दुसरीकडे बघा रे बाबांनो. कावीळवाला जो पहिला आला होता, तो आता कोणी पोर राहिला नव्हता, लग्न ठरलं होतं त्याचं. तो ताटावर बसून रडला. आई त्याला ओरडली, जेवताना रडू नये, अन्नाला लागतं. मग तिने टोप घासला, पालथा घातला, आणि त्यावर कांदेबटाट्यांची टोपली ठेवली.

आता खानावळच नाही तर गॅलरी पुन्हा राहण्याची. तसा अर्ज द्यायचा, माणूस बघून जातो, नोंद बदलते. इतकं साधं होतं ते. मी दर वर्षी मार्चच्या तोंडावर अर्ज लिहून तिच्यापुढे ठेवायचे. खानावळ बंद केली आहे, असं त्यात लिहिलेलं असायचं. ती सही करायची नाही. म्हणायची, "बंद नाही, थांबलीय." मी चिडायचे, भांडायचे, ओट्यापाशी उभी राहून रिकाम्या शेगडीकडे बोट दाखवायचे. उद्या सुरू करायची झाली तर पुन्हा कोण लिहून देणार, असं तिचं म्हणणं. आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात एक दमडी उगाच खर्च केली नाही, ते गपचूप रांगेत उभे राहून त्या थांबलेल्या खानावळीची पट्टी भरून यायचे. कारखाना बंद पडला तेव्हाही भरली. त्या वर्षी आमच्याकडे दूध अर्धं केलं होतं. मला वाटतं, भर साहेबांपुढे 'रिकामा वेळ' म्हणाले त्याचंच ते भरत होते. बोलून मात्र ते कधीच दाखवलं नाही.

खानावळ पुन्हा सुरू झाली नाही. कशी होणार? आधी मुलं पांगली, मग कारखाने पांगले, मग आईचे गुडघे गेले. मिठागराच्या जागी टॉवर उभे राहिले आणि वारा यायचा थांबला. बाबा गेले, मग काही वर्षांनी आई. तिच्या मृत्यूचा दाखला करताना समोरच्या माणसाने मला न विचारताच व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहून टाकलं. मी तो तसाच घेऊन घरी आले. घर माझ्या नावावर झालं, पट्टी माझ्या नावावर यायला लागली, आणि त्यात गॅलरीपुढे तोच शब्द. खानावळ. जगात एवढ्या एकाच ठिकाणी ते लिहिलेलं होतं. दारावरची पाटी काही झाली नाही, पाटी म्हणून तेवढंच. मी शिक्षिका होते, अर्ज लिहिणं मला डाव्या हाताचा मळ. पण माझ्याच्याने तो अर्ज काही लिहून झाला नाही. पेन्शनमधून भरत राहिले.

मागल्या उन्हाळ्यात पुन्हा मोजणी आली. एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मी पाणी विचारलं, नको म्हणाली, बाटली होती तिच्याकडे. टेपचं दुसरं टोक धरायलाही कोणी लागत नाही आता. तिने भिंतीला एक डबी लावली, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला, आकडा आला. गॅलरीत येऊन तिने टॅब बघितला आणि मग आजूबाजूला बघितलं. माझा वॉकर, दोन कुंड्या, औषधांचा डबा. पालथा टोप वॉकरच्या मागे होता, त्याच्यावर जुनी वर्तमानपत्रं.

"आंटी, इथे तर काहीच नाहीये," ती म्हणाली. "आणि तुम्ही इतकी वर्षं कमर्शियल भरताय? मी रेसिडेन्शियल करतेय. खूप कमी होईल तुमचं." तिला बिचारीला वाटत होतं, म्हातारीला आनंद होईल.

"इथे खानावळ होती," मी म्हटलं. "माझ्या आईची."

"होती ना? पण आता नाही ना?"

आई असती तर म्हणाली असती, थांबलीय. तोच शब्द माझ्या ओठांवर आला होता, देवाशपथ आला होता. पण त्या मुलीला अजून सबंध मजला करायचा होता, आणि थांबलेली गोष्ट पुढे चालवायला मागे कोणीतरी लागतं. माझ्यामागे कोणी नाही.

"नाही," मी म्हटलं.

तिने टॅबच्या काचेवर बोट टेकवलं, थँक यू आंटी म्हणाली, आणि जाऊन शेजारच्या दाराची बेल वाजवली.